न्हाणीमागचं माळवं

२०२३ च्या मे महिन्यात सलग तीन दिवस घराबाहेर होतो. मुंबईची फेरी करून आगारात पोचलो, तर एक वाहक आजारी म्हणून मुक्कामी गाडी माझ्याच अंगावर पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो आणि चपला न काढता गच्चीवर गेलो. टोमॅटोची अकरा रोपं मेली होती. पानांचा हिरवा रंग अजून गेला नव्हता, पण मुठीत धरली की पापडासारखी मोडत होती. सिमला मिरचीच्या दोन पिशव्या होत्या, त्यांच्याकडे मी बघितलंच नाही.

त्या आठवड्यात बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली होती, पण नळ येऊन बारा दिवस झाले होते आणि ते स्वतःच पिण्यासाठी जार विकत आणत होते. विकतच्या पाण्यातलं तांब्याभर माझ्या टोमॅटोला घाला, हे सांगायला माझी जीभ रेटली नव्हती. अजूनही रेटणार नाही. बीडमध्ये राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की आमच्याकडे ‘आज नळ आहे’ हे वाक्य लग्नाच्या तिथीसारखं उच्चारलं जातं. त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरतं, पातेली, कुकर, मुलांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा. नळ जाताना शेवटची धार कुठल्या भांड्यात घ्यायची यावरून घरात वाद होतो.

माझी बाग लॉकडाउनमधली. २०२० च्या मार्चअखेर गाड्या थांबल्या आणि मी घरी बसलो. वाहक म्हणून इतकी वर्षं काढली, पण सकाळी सात वाजता मी माझ्याच घरात आहे, हे दृश्य मला नवीन होतं. करमेना म्हणून गच्चीवर युरियाच्या रिकाम्या गोण्या मांडल्या, माती वाहिली, बिया पेरल्या. पुढे कोकोपीट आलं, रोपांचे ट्रे आले, गांडूळखताची पिशवी आली. सकाळ-संध्याकाळ मी गच्चीवर. मावा दिसला की एकेक पान उलटून बोटांनी पुसायचो. टोमॅटो लागले, वांगी लागली, नात्यातल्या सगळ्यांना फोटो गेले. मला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे. गुणबिण काही नव्हता, हात रिकामा होता.

गाड्या सुरू झाल्या आणि बाग मागे पडत गेली. दोन वर्षं ओढूनताणून चालवली. चालवली म्हणजे बायकोने चालवली. ती अंगणवाडी सेविका. सकाळी तिची मुलं, दुपारी रजिस्टरं, वजनाचे तक्ते, गरोदर बायकांच्या घरच्या भेटी, आणि मधे जिना चढून माझ्या गोण्यांना पाणी. एकदा ती शांतपणे म्हणाली, “तुमची बाग माझ्या बादलीवर चालतीय.” उत्तर देण्यासारखं काही नव्हतं.

रोपं मेल्यावर आठवडाभरात माय गावाकडून आली. आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावर, जिथे पावसाळ्यातही आभाळाचा भरवसा नसतो. ती गच्चीवर गेली, कंबरेवर हात ठेवून वाळलेल्या गोण्या बघितल्या.

“हे कामून मांडलं होतं?”

“भाजीसाठी. घरचं माळवं.”

“तुला ड्युटी, हिला अंगणवाडी. मंग येवढं नाजूक लेकरू कोन सांभाळायचं?”

मग तिने गोण्यांमधली माती टोपल्याने खाली नेली आणि न्हाणीच्या मागे, जिथे मोरीचं पाणी सिमेंटच्या नळीतून बाहेर पडून उघड्या नालीला जातं, तिथे ओतली. नालीच्या तोंडाशी दोन विटा आडव्या लावल्या. पाणी वळलं. आमच्या परसबागेची स्थापना ती एवढीच. खर्च शून्य.

मायने आयुष्यभर दिवसभराचं काम केलं आहे, हे मला पन्नाशीजवळ आल्यावर सुचलं. आमच्याकडे नोकरी म्हणतात ती पगाराला. ती सकाळी भाकरी बांधून लोकांच्या रानात खुरपायला जायची, दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला, आणि दिवस मावळताना परत यायची. तिला वेळ नव्हता, पाणी तर नव्हतंच. तरी घरात माळवं असायचं. कापसाच्या तासात मधेमधे तिने भेंडी, गवार आणि अंबाडी टोबलेली असायची. कापसाला खुरपणी झाली की त्यांचीही होऊन जायची. येताना पदराच्या ओट्यात भाजी आणायची. घरामागे उकिरड्याच्या कडेला डांगराचा वेल, न्हाणीपाशी चमकोरा, म्हणजे तुमचं अळू, काट्याच्या कुपाटीवर दोडका, आणि भिंतीपासून लांब एक शेवगा. लांब अशासाठी, की त्याचं लाकूड ठिसूळ, वादळात फांदी कधी मोडेल सांगता येत नाही. यातल्या एकाही झाडाला तिने मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही. ते दुसऱ्या कामातून सांडलेल्या पाण्यावर आणि दुसऱ्या कामातून उरलेल्या वेळावर वाढायचं. जास्त लागलं की गवारीच्या उसऱ्या वाळायच्या, डांगरं माळवदावर चढायची आणि पार उन्हाळ्यापर्यंत टिकायची.

मी गच्चीवर जे मांडलं होतं ते बिनकामाच्या माणसाचं शेत होतं. टोमॅटो, सिमला मिरची, फुलकोबी ही सगळी हजेरी मागणारी पिकं. एक दिवस चुकला की रुसतात. मायच्या झाडांना मी घरी आहे की मुंबईला, याने काही फरक पडत नव्हता.

मोरीच्या पाण्यालाही मात्र हिशोब आहे, तो शिकायला वर्ष गेलं. आमच्या घरी चार माणसं. अंघोळीची बादली पंधरा-सोळा लिटरची. म्हणजे रोज साठेक लिटर पाणी नालीला जात होतं, आणि मी वर गच्चीवर तांब्याने मोजून पिण्याचं पाणी घालत होतो. पण सगळं सांडपाणी सारखं नसतं. पहिल्या उन्हाळ्यात कपड्यांचंही पाणी तिकडेच सोडलं. दोन महिन्यांत आळ्यातली माती चिकट, तुळतुळीत झाली. वर पाणी साचायचं, खाली मुरायचं नाही, आणि सुकली की सिमेंटसारखी. धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो आणि आपल्या काळ्या मातीचा तो वैरी. मातीचे कण एकमेकांना धरून बसतात ते सोडियमने सुटतात आणि मातीतल्या पोकळ्या बुजतात. मायच्या काळी भांडी राखेने घासायची आणि अंघोळीला साबणाची वडी महिनाभर पुरायची, म्हणून तिला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आता आमच्याकडे कपड्यांचं पहिलं पाणी नालीला, शेवटच्या खळबळण्याचं शेवग्याला. अंघोळीचं चमकोऱ्याला आणि वेलांच्या बुडाला. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी कोथिंबिरीला. पालेभाजीवर अंघोळीचं पाणी टाकायचं नाही. हे शेवटचं बायकोचं फर्मान आहे आणि योग्य आहे.

बीडपासून पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, इथला जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. विहिरीतून जमिनीखालून काढलेल्या बांधीव नाल्यातून पाणी केवळ उताराने वाहत जातं आणि बलगुजार भागातली जमीन भिजवतं. मोटर नाही, मोट नाही. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले होते की ही विहीर आटत नाही. मी आत डोकावून नुसती हाक मारली होती, घुमते का बघायला. मोरीपाशी दोन विटा सरकवताना हल्ली मला ती विहीर आठवते. उतार कुठे आहे हे ज्याला कळलं, त्याचं अर्धं काम झालं. मी मात्र दोन मजले पाणी वर चढवत होतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, ते देशभर गाजलं. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण आमच्या केज तालुक्यात, धनेगावला. ते कोरडं पडलं होतं. त्या वर्षी आमच्या गावात टँकर यायचा आणि मायच्या वाट्याला मोजके हंडे यायचे. तिचा शेवगा त्या वर्षीही जगला. भांडी विसळलेल्या पाण्यावर. फुलं आली नाहीत, शेंगा लागल्या नाहीत, पण पाला होता. आम्ही शेवग्याच्या पाल्याची भाजी खाल्ली, शेंगदाण्याचं कूट घालून. चवीला कडसर लागते. आवडते असं मी म्हणणार नाही.

मुक्कामी गाडीचा एक फायदा असतो. रात्री नऊला गाव गाठायचं, मारुतीच्या पारावर नाहीतर गाडीतच झोपायचं, पहाटे पाचला उठून तोंड धुवायला हापशावर जायचं. त्या वाटेने मी बीड जिल्ह्यातली कितीतरी परसं मागून बघितली आहेत. माणसं घराचा पुढचा भाग पाहुण्यांसाठी ठेवतात. मागे खरं काय ते दिसतं. शिरूर, पाटोदा, वडवणी, धारूर या पट्ट्यात दसरा झाला की गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन ट्रॅक्टरवर बसतात आणि कोल्हापूर, सांगलीकडे, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात.

डिसेंबरातल्या एका पहाटे मी अशाच एका घराच्या मागे उभा होतो. दाराला कुलूप. अंगणात पाचोळा. न्हाणी कोरडी ठणठणीत, दोन महिन्यांत तिथे कुणी तांब्याही सांडला नसेल. पण पऱ्हाट्यांच्या कुडावर वालाचा वेल दाट पसरला होता, जांभळी फुलं होती आणि शेंगांचे घोसच्या घोस. पावसाळ्यात बाईने जाण्याआधी लावून दिला असणार, मग जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर त्याने स्वतःचं बघितलं. दात घासत बघत होतो, तेवढ्यात शेजारची आजी टोपलं घेऊन आली आणि शेंगा तोडायला लागली. माझ्याकडे बघून तिला वाटलं असावं की एसटीचा मास्तर चोरीचा आळ घेतोय. म्हणाली, “सुनंनं सांगून ठिवलंय, तोडीत जावा म्हनून. पोरं माझ्यापाशीच हायेत.” कुडाच्या शेवटच्या वीतभर भागातल्या शेंगा तिने तोडल्या नाहीत. त्या वाळू दिल्या होत्या. बियाला.

बियांचं सांगायलाच हवं. दुकानातलं पाकीट आणायला माझा विरोध नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मे रोजी, तिथे खरीप मेळावा भरतो आणि बियाण्यांची विक्री सुरू होते. रांग मोठी असते. साप्ताहिक सुट्टी साधून मी एकदा गेलो आणि भेंडी घेऊन आलो. ‘परभणी क्रांती’ याच विद्यापीठाची. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड खुजं राहतं त्याला केवडा म्हणतात. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. या वाणाने ऐंशीच्या दशकात त्या रोगाला तोंड दिलं, तेही भेंडीच्या एका रानटी नातलगाशी संकर करून. रानटीपणा कामाला आला, ही गोष्ट मला फार आवडते.

पण माझ्याकडचं निम्मं बी गाडीत मिळालेलं आहे. वाहकाला सगळे ओळखतात. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट नाही आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं आहे. त्यामुळे माझी गाडी आता बहुतेक म्हाताऱ्यांनी आणि बायकांनी भरलेली असते, आणि दोघांनाही भाजीबद्दल बोलायला लागतं. एका आजीने आधार कार्ड दाखवायला कनवटीची पिशवी सोडली, त्यातून कार्डाबरोबर कागदाची पुडी निघाली. दोडक्याचं बी, लेकीकडे चाललं होतं. मी सहज विचारलं, त्यातलं मला द्याल का. आजीने पुडी उघडण्याआधी प्रश्न केला, “मास्तर, घरी पानी घालायला कोन असतं?” मी म्हटलं, तसं कुणीच नाही. “मंग चारच घ्या. मोरीला लावा. न्हाई तर बी वाया घालू नका.” कृषी अधिकाऱ्याने विचारावा असा प्रश्न मला कुणी आयुष्यात विचारला असेल तर तो त्या आजीने. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आमच्या गाडीत मात्र बियांच्या पुड्या पद्मश्रीच्या आधीपासून फिरत आहेत आणि पुढेही फिरतील.

परसबागेवरच्या प्रत्येक लेखात सावता महाराज येतात. येऊ देत. पण ते मळ्यातच राबत होते, त्यांना डेपोत हजेरी लावायची नव्हती. नोकरदाराने बघावं ते मुंबईच्या प्रीती पाटील यांच्याकडे. त्या मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये केटरिंग अधिकारी होत्या. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, त्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडं उभी केली. वाचलं तेव्हा थक्क झालो, आणि मग लक्षात आलं की त्यांची बाग नोकरीच्याच जागी होती. कचरा तिथला, माणसं तिथली, त्या स्वतः तिथे. माझी नोकरी ताशी पन्नास किलोमीटरने पळते. तिच्यावर डांगराचा वेल चढत नाही.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी, गणिताच्या प्राध्यापकाने, प्रयोग परिवार उभा करून पालापाचोळ्यापासून माती बनवायला कितीएकांना शिकवलं. ते मी आमच्या ऐपतीने करून बघितलं. मार्चमध्ये आगारातल्या कडुनिंबांची पानं गळतात. झाडूवाल्या मावशी ती पेटवायच्या, मी पोत्यात भरून आणायला लागलो. शेणकाल्यात बुडवून न्हाणीमागे थर लावला, वर मूठमूठ लेंडीखत. सहा महिन्यांनी हाताला लागली ती माती नव्हे, चहाची पावडर वाटावी अशी भुसभुशीत, आणि वासही ओल्या रानाचा. मावशी आता पानं पेटवत नाहीत. मला हाक मारतात आणि वर म्हणतात, “मास्तर, तुमचा कचरा घेऊन जा.”

सगळं छान चाललं आहे असं समजू नका. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला, सिंदफणेला, बिंदुसरेला पूर आले, लोकांची उभी शेतं मातीसकट वाहून गेली. त्यापुढे माझं नुकसान सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. विटा लावून वळवलेलं पाणी उलटं फिरलं आणि नालीचं सगळं वाफ्यात आलं. वेल मुळातून कुजले. ज्या दोन विटांनी पाणी आणलं त्याच दोन विटा मी भर पावसात काढल्या, तेही उशिरा. चमकोरा मात्र माजला. पंधरा दिवस आम्ही चुका घालून तीच भाजी आणि त्याच वड्या खाल्ल्या. मुलगा म्हणाला, आता अळू दिसलं की घसा आपोआप खवखवतो.

पैसे वाचतात का, असं आगारात विचारतात. नाही. मंडईतली मेथीची जुडी माझ्या मेथीपेक्षा स्वस्त आणि दुप्पट मोठी असते. ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्याने शनिवारी संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी जावं. घरी आठवड्यातून तीन-चार दिवस एक भाजी निघते, बस. कधी चार भेंड्या निघतात. चार भेंड्यांचं काय करायचं, तर वरणात टाकायच्या.

एक गोष्ट मात्र उमगली. फेरीवर गेलो की दोडके दोन दिवसांत निबर होतात. पहिल्यांदा मी हळहळलो, कोवळे असताना खुडता आले नाहीत म्हणून. माय म्हणाली, “न्हाई खुडलं तर बी झालं. बी कुठून येतं मंग?” तेव्हापासून मी एक वेल मुद्दाम माझ्या गैरहजेरीच्या नावावर सोडला आहे. त्यावरचे दोडके कुणी तोडत नाही. वाळून खुळखुळ्यासारखे वाजायला लागले की कात्रीने टोक कापतो आणि परातीवर झटकतो. काळं, खडबडीत, चपटं बी. एका दोडक्यात सहज साठ-सत्तर.

उद्यापासून पुन्हा मुंबईची फेरी आहे, आल्यावर मुक्कामी. कुडाच्या डाव्या बाजूला सहा दोडके आज कोवळे आहेत, परवापर्यंत निबर होतील. बी माझ्या खाकी शर्टाच्या उजव्या खिशात पुड्या बांधून असतं. ज्यांना हवं त्यांनी गाडीत हक्काने मागावं, मोरी कुठे आहे तेवढं सांगावं. बियाला पैसे नाहीत. तिकिटाला मात्र सुटे आणा.